गळाची काठी, आपल्या मापाची

मैत्रिणींनो, ब्लाउजपीस घ्यायला आपण दुकानात जातो तेव्हा किती चौकशा करतो! रंग जाईल का, धुतल्यावर आटेल का, अस्तर लावावं लागेल का... दुकानदार कंटाळतो, पण आपण काही सोडत नाही. शिंप्यानं बाही चुकवली तर ती उसवून पुन्हा शिवता येते. कापडच विरविरीत निघालं तर मात्र शिंपी कितीही चांगला असो, पैसे पाण्यात! मासे पकडायची हलकी काठी घरी बांधायची असेल तर तिथेही नेमकं असंच आहे. काठीचं कापड म्हणजे तिचा 'ब्लँक'. तो कसा निवडावा, ते आज सांगणार आहे.

"गळाची काठी? आणि ती आपण बायकांनी बांधायची?" असं तुमच्यापैकी काहीजणी म्हणतील. का बरं नाही? ह्यांची बदली झाल्यापासून आम्ही धरणाजवळच्या गावात राहतो. रविवारी सकाळी हे आणि मुलगा काठावर जायचे नि मी डबा भरून द्यायची. मग मीही जाऊ लागले आणि नुसतं बसून स्वेटर विणण्यापेक्षा पाण्यात गळ टाकणं मला फार आवडू लागलं. पण दुकानातल्या काठ्या पुरुषांच्या हाताच्या मापानं केलेल्या! जाड मूठ, लांब दांडा, वजनदार. आठवडाभर पोळ्या लाटून आणि फळ्यावर लिहून आपलं मनगट आधीच थकलेलं असतं. त्यात तासभर ती काठी धरली की दुसऱ्या दिवशी खडू धरवत नाही. घरात मुलांचे कपडे मापाचे, ह्यांचे बूट मापाचे, आपण मात्र जे हाती येईल ते चालवून घ्यायचं, ही आपली जुनी सवय. निदान रविवारची काठी तरी आपल्या हाताची असावी, म्हणून मी ह्या भानगडीत पडले.

ब्लँक म्हणजे काय?

मूठ नाही, तंगूस ओवायच्या कड्या नाहीत, रीळ बसवायची बैठक नाही, अशी नुसती निमुळती पोकळ नळी म्हणजे ब्लँक. ती कशी करतात हे कळलं की निवड करणं सोपं जातं. राळेत भिजवलेलं कार्बनचं किंवा काचेच्या धाग्यांचं कापड ठरावीक आकारात कापतात. पोलादाच्या निमुळत्या सळईवर ते घट्ट गुंडाळतात, वरून पारदर्शक फीत आवळून बांधतात आणि भट्टीत भाजतात. थंड झालं की सळई ओढून काढायची आणि फीत सोलायची. काही ब्लँकवर बारीक गोल वळ दिसतात ते ह्या फितीचे. तो दोष नव्हे. काही कारखाने ते घासून गुळगुळीत करतात, काही तसेच ठेवतात.

एक गंमतीची गोष्ट सांगते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या चिकटवून उत्तम काठ्या करत. त्यांचा सुरुवातीचा बांबू आपल्याकडून जाई आणि त्याला तिकडे 'कलकत्ता केन' म्हणत. पुढे चीनमधल्या टोंकिन बांबूनं त्याची जागा घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूच्या, म्हणजे फायबरग्लासच्या काठ्या आल्या. १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये विमानांच्या कामासाठी मजबूत कार्बन धागा तयार झाला आणि १९७३ साली अमेरिकेतल्या 'फेनविक' कंपनीनं त्याची काठी बाजारात आणली. आजचे बहुतेक हलके ब्लँक ह्याच कार्बनचे. त्यालाच ग्रॅफाईट असंही म्हणतात.

आधी मासा, मग काठी

ब्लँकचे रंग नि चकाकी बघण्याआधी घरी बसून तीन गोष्टी ठरवा. कोणता मासा पकडायचा? आमिष किती वजनाचं? उभं राहायची जागा कशी, मोकळी की झाडाझुडपांची?

'अल्ट्रालाइट' म्हणजे अतिहलकी काठी. ती साधारण १ ते ७ ग्रॅम वजनाचं आमिष फेकण्यासाठी असते आणि तिला १ ते ३ किलो ताण सोसणारं बारीक तंगूस लावतात. आपल्या तळ्यांतली पाव-अर्धा किलोची चिलापी ह्या काठीवर लागली की केवढी मजा येते! जाड काठीला जे कळतही नाही, ते हिच्यात थेट तळहातापर्यंत पोचतं. पण शेवाळात दडलेली मोठी मरळ ओढून काढायचं काम हिच्याकडून करून घेऊ नका. ते म्हणजे नाजूक चमच्यानं नारळ फोडण्यासारखं होईल.

बहुतेक ब्लँकसोबत आमिषाचं आणि दोरीचं वजन दिलेलं असतं, पण पुष्कळदा ते अमेरिकन मापात असतं. औंसाचा बत्तिसावा भाग म्हणजे जेमतेम १ ग्रॅम, सोळावा भाग पावणेदोन ग्रॅम, आठवा भाग साडेतीन ग्रॅम आणि पाव औंस म्हणजे ७ ग्रॅम. दोरीचं माप पौंडात असतं. ४ पौंड म्हणजे पावणेदोन किलोच्या थोडं वर. आपलं नेहमीचं आमिष ह्या दोन टोकांच्या मधोमध यायला हवं. ब्लँकवर १ ते ७ ग्रॅम लिहिलं असेल तर तो ३-४ ग्रॅमला सर्वात सुखानं काम करतो. आणि हो, गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून तरंगतं बूच वापरत असाल तर बूच, शिसं नि गळ ह्या सगळ्यांचं मिळून वजन धरायचं. स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर ते एकदा मोजूनच टाका.

ताकद वेगळी, वाक वेगळा

इथे पुष्कळांचा गोंधळ होतो. ब्लँक वाकवायला किती जोर लागतो ती त्याची ताकद. अतिहलका, हलका, मध्यम अशा पायऱ्या तिच्याच. आणि तो कुठून वाकतो तो त्याचा वाक. नुसतं टोक वाकलं, म्हणजे वरचा साधारण एक तृतीयांश भाग, तर त्याला जलद म्हणतात. निम्म्यापर्यंत वाकला तर मध्यम, आणि वेताच्या छडीसारखा पार मुठीपर्यंत वाकला तर मंद.

आपल्याला कोणता हवा? तळाशी हळूहळू उड्या मारत आणायचं छोटं नकली आमिष वापरणार असाल तर जलद ब्लँक बरा. टोक लगेच सांगतं, मागून हिसकाही पटकन देता येतो. गांडूळ, कणीक किंवा फिरत्या पात्याचं आमिष असेल तर मध्यम वाकाचा घ्या. तो माशाचे झटके स्वतःच्या अंगावर झेलतो, त्यामुळे बारीक तंगूस तुटत नाही. शिवाय हलकं आमिष फेकताना हाताला जोर द्यावा लागत नाही, काठीच ते फेकते. नवशिक्या हाताला आणि दुखऱ्या मनगटाला हाच मानवतो, असा माझा अनुभव आहे.

आता खरी अडचण ऐका. 'अतिहलका' हा शब्द प्रत्येक कंपनी आपापल्या मनानं लावते. एकीचा अतिहलका तो दुसरीचा हलका! जसं रेडिमेड कपड्यांत एका दुकानाचा मीडियम दुसऱ्याच्या लार्जएवढा निघतो. ह्यावर विल्यम हॅनेमन नावाच्या एका अमेरिकन गृहस्थांनी ह्या शतकाच्या सुरुवातीला फार साधा उपाय काढला. ब्लँकचं जाड टोक आडवं घट्ट बसवायचं आणि बारीक टोकाला प्लॅस्टिकची पिशवी अडकवायची. तिच्यात तिकडची एका सेंटची नाणी एकेक टाकत जायची. लांबीच्या एक तृतीयांशाइतकं टोक खाली आलं की थांबायचं आणि नाणी मोजायची. तेवढी त्या ब्लँकची ताकद! त्या नाण्याचं वजन अडीच ग्रॅम. आपण सेंट कुठून आणायचे? पिशवीत तांदूळ घाला नि नंतर काट्यावर तोला. सहा फुटी ब्लँक असेल तर टोक दोन फूट खाली यायला हवं. दोन ब्लँकांतला जास्त नाजूक कोणता, हे मग कोणाला विचारावं लागत नाही. तांदूळ मात्र सावकाश टाका आणि दोन फुटांच्या पुढे ताणू नका.

काच की कार्बन?

कार्बन हलका, ताठ नि चटकन खबर देणारा. सहा फुटी अतिहलका कार्बनचा ब्लँक साधारण वीस ते चाळीस ग्रॅमचा, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे साखरेएवढा! त्याच लांबीचा काचतंतूचा ब्लँक बराच जड, पण सोशिक. तो सावकाश वाकतो, सावकाश उठतो आणि दगडावर आपटला तरी सहसा मनावर घेत नाही.

जाहिरातीत कार्बनच्या 'मॉड्युलस'चे मोठमोठे आकडे असतात. मॉड्युलस म्हणजे धाग्याचा ताठपणा. तो जितका जास्त, तितकं कमी कापड लागतं आणि ब्लँक हलका होतो. पण कापड कमी म्हणजे नळीची भिंत पातळ. मोटारीच्या दारात जराशी चेपली, वर शिसं आपटलं, तर दिसणार नाही अशी चीर पडते आणि एखाद्या रविवारी साध्या माशावर काठी मोडते. तसंच 'आयएम ६', 'आयएम ७', 'आयएम ८' ही अक्षरं म्हणजे शाळेतल्या इयत्ता नव्हेत. ती मुळात एकाच धागा-कंपनीच्या मालाची नावं आहेत. इतर लोक ती सर्रास वापरतात, म्हणून आकडा मोठा तो माल चांगला असं समजून जास्त पैसे मोजू नका.

माझं मत विचाराल तर स्वतःसाठी मधल्या प्रतीचा कार्बन आणि दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी काचतंतू. मुलं काठीची तलवार करणार, तिच्यावर बसणार, ती सायकलला बांधणार. त्यांच्या हाती सर्वात महाग, सर्वात हलका ब्लँक देऊन वर त्यांना रागवत बसण्यात काय अर्थ आहे?

लांबी आणि जोड

अतिहलके ब्लँक साधारण पाच ते सात फुटांत मिळतात. बाभळी नि करवंदीच्या जाळीतून गळ टाकायचा असेल तर पाच-साडेपाच फूट पुरे. मोकळ्या काठावर साडेसहा-सात फुटांनी आमिष लांब जातं. पण लांब काठीचं टोक मनगटाला जास्त जड लागतं, हे विसरू नका. बऱ्याच कंपन्यांच्या क्रमांकांत पहिले दोन आकडे लांबीचे असतात. साठ म्हणजे सहा फूट शून्य इंच, सहासष्ट म्हणजे सहा फूट सहा इंच.

ब्लँक अखंड घ्यावा की दोन तुकड्यांचा? अखंड ब्लँकचा वाक सुरेख असतो, यात शंका नाही. पण एसटीत तो न्यायचा कुठे आणि दोन खोल्यांच्या घरात ठेवायचा कुठे? दोन तुकड्यांचा सहा फुटी ब्लँक तीन फुटांत मावतो, कपाटामागे उभा राहतो नि टपालानं येताना मोडायची भीतीही कमी. परदेशाहून मागवणार असाल तर ब्लँकच्या किमतीत टपालखर्च आणि सीमाशुल्क मिळवूनच हिशेब करा. मागवण्याआधी ब्लँकच्या बुडाची जाडीही विचारा. बूड जितकं बारीक, तितकी मूठ बारीक करता येते. आपली बोटं मुठीभोवती सहज मिटली पाहिजेत. माझ्या काठीच्या ब्लँकचं बूड ९ मिलिमीटरचं आहे आणि मनगटाला खरा आराम मिळाला तो ह्यामुळेच.

हातात आल्यावर तपासणी

नळकांडं उघडलं की घाईनं ब्लँक वाकवून बघू नका. आधी खिडकीशी उभ्या राहून, बंदुकीचा नेम धरतात तसं एका टोकातून दुसरीकडे बघा. किंचित बाक बहुतेक ब्लँकना असतोच. ठळक वळण असेल तर परत करा. मऊ कापड हळूहळू सगळीकडून फिरवा. कुठे ओरखडा, चपटेपणा किंवा धागा निघालेला लागतोय का बघा. दोन तुकडे असतील तर ते जोडून हलकेच हलवा, खडखड होता कामा नये. जोडाची दोन्ही टोकं अगदी एकमेकांना टेकली नाहीत, थोडी फट राहिली, तरी घाबरू नका. झीज होईल तशी ती भरते, म्हणून मुद्दामच ठेवलेली असते.

मग ब्लँकचा 'कणा' शोधा. भेळेचा कागदी पुडा आठवा. कागदाची कड जिथे संपते तिथे एक पदर जास्त असतो, आणि ती बाजू जरा ताठ राहते. ब्लँकचंही तसंच. बूड गुळगुळीत फरशीवर टेका, टोक एका तळहातावर धरा नि दुसऱ्या हातानं मधोमध हलकेच दाबून ब्लँक फिरवा. एका जागी तो आपोआप टुणकन वळून स्थिर होईल. तिथे पेन्सिलनं खूण करा. काही जण कड्या ह्या खुणेनुसार बसवतात. काही जण त्यापेक्षा काठी सरळ दिसेल ती बाजू धरतात. दोन्ही पद्धतींच्या काठ्या उत्तम चालतात, तेव्हा ह्यावरून घरात वाद नकोत!

एक मात्र कटाक्षानं पाळा. ब्लँक जास्त लांब वाटला म्हणून त्याचं बारीक टोक कापू नका. दोन-तीन इंच कापले तरी नाजूकपणा जातो, आणि तो परत येत नाही. कापायचंच तर बुडाकडून थोडं कापा, ते फारसं बिघडत नाही. कार्बन घासताना किंवा कापताना ओला पॉलिशपेपर वापरा, नाकातोंडाला फडकं न बांधता चांगला मास्क लावा आणि मुलांना लांब ठेवा.

कड्या शक्य तितक्या लहान नि हलक्या घ्या. वीस-तीस ग्रॅमच्या ब्लँकवर जड कड्या चढवल्या तर सगळी निवड फुकट. दोरा गुंडाळायचं काम तर आपल्या हातचंच. ज्या बोटांनी भरतकाम केलं त्यांना ते शिकवावं लागत नाही. वर लावायच्या दोन भागांच्या इपॉक्सीला मात्र जपा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा आणि स्वयंपाकाची भांडी त्यासाठी वापरू नका.

तारांपासून लांब

आता सगळ्यात महत्त्वाचं. कार्बन विजेचा वाहक आहे. धरणाच्या, कालव्याच्या काठानं विजेच्या तारा गेलेल्या असतात आणि कित्येकदा त्या बऱ्याच खाली लोंबतात. कार्बनची काठी अशा तारेच्या नुसती जवळ गेली तरी जिवावर बेतू शकतं. काचतंतूची काठीही ओली असताना सुरक्षित समजू नका. काठावर पोचल्यावर पहिलं काम म्हणजे मान वर करून बघायचं. तारा दिसल्या तर जागा बदलायची. तारांखालून जाताना काठीचे तुकडे सोडवून, आडवे धरून चालायचं. मेघगर्जना ऐकू आली की काठी खाली ठेवून काठापासून दूर, पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत जायचं. झाडाखाली थांबायचं नाही. मुलांना हे नुसतं सांगून भागत नाही, दर वेळी करून घ्यावं लागतं.

दुसरं, पाणी कोणाचं आहे ते विचारा. आपल्या राज्यात पुष्कळ तलावांतली मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेली असते आणि त्यावर कुटुंबं जगतात. त्यांची परवानगी घ्यावी, काही शुल्क असेल तर ते द्यावं. खायला लागेल तेवढाच मासा ठेवून बाकीचे सोडणार असाल तर गळाचा उलटा काटा पकडीनं चेपून टाका. मासा चटकन सुटतो, आणि मुलाच्या बोटात गळ शिरला तरी काढायला सोपा जातो.

मागवण्याआधी एका कागदावर एवढं लिहून काढा : मासा कोणता, आमिष किती ग्रॅम, तंगूस किती किलोचं, जागा मोकळी की झाडीची, लांबी किती, तुकडे किती, बुडाची जाडी किती, आणि हात कोणाचा. शेवटचा प्रश्न दुकानदार विचारणार नाही. तो तुम्हीच विचारा, नि उत्तर 'माझा' असेल तर तसं स्पष्ट सांगा. "बाईंसाठी हवी आहे? मग ही स्वस्तातली घ्या," असं कोणी म्हणालं तर कागद पुढे करा आणि कागदावरचे आकडे ज्या ब्लँकला लागू पडतात तोच मागा. काठी बांधून झाली की रविवारी डबा जरा लवकर भरा. ह्या खेपेला काठावर नेताना तो आळीपाळीनं सगळ्यांनी उचलायचा आहे, हे घरात आदल्या रात्रीच सांगून ठेवा!